'ळ'ची ओळख
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत बालवाडीच्या पालकांपुढे केलेले भाषण)



 माझ्या आधीच्या वक्त्यांनी संस्थेची वाटचाल सांगितली, देणगीदारांचे स्मरण केले. मी शाळेत शिकविणारी बाई. माझा विषय अगदी लहान, म्हणजे एका अक्षराएवढाच आहे. ते अक्षर 'ळ'. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना त्याची ओळख खेळातून कशी करून द्यावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपण म्हणाल, सारी मुळाक्षरे सोडून बाईंनी हे शेवटचे अक्षरच का धरले? त्याला कारण आहे. अननसाचा 'अ', कमळाचा 'क', गवताचा 'ग' असे आपण मुलांकडून म्हणवून घेतो. 'ळ'पाशी आले की ही रीत अडते. मराठीत 'ळ'ने सुरू होणारा शब्दच नाही. मग तक्त्यावर बाळाचे नाही तर नळाचे चित्र काढतात आणि मुले म्हणतात, "बाळाचा ळ". एखादे चौकस मूल लगेच विचारते, "बाई, बाळाचा तर ब ना?" त्या मुलाचे काय चुकले? काहीच नाही. चुकली आहे ती आपली रीत. शब्दाच्या आरंभीचे अक्षर तेवढे घोकविले, तर शब्दाच्या पोटातला ध्वनी मुलाच्या कानी पडत नाही. 'ळ' हा नेहमी शब्दाच्या पोटात किंवा शेवटी बसलेला असतो. तो ऐकूनच शोधावा लागतो.

आणि शोधू लागले की तो जागोजागी सापडतो. डोळा, कपाळ, केळे, पोळी, माळ, नळ, सकाळ, काळा, पिवळा. मुलाच्या आवडीच्या 'खेळा'त तो आहे आणि ज्या 'शाळे'ची त्याला भीती वाटते तिच्यातही आहे. आमच्या फळ्यात आहे, मुळाक्षरांत आहे. जुनी माणसे देवनागरीला 'बाळबोध' म्हणत, त्यातही आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत हा वर्ण येतो, असे संस्कृत जाणणारे सांगतात. इतके जुने हे अक्षर आहे.

आपणा देपालपूरकरांना त्याची आणखी एक निकड आहे. आपण माळव्यात राहतो. शाळेत, बाजारात, कचेरीत हिंदी चालते आणि प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. म्हणून माळव्याचा 'मालवा' होतो. ज्या घराण्याने इंदूर नांदते केले, त्याचे आडनाव नीरा नदीकाठच्या होळ ह्या गावावरून पडले. त्या होळकरांचेही येथे 'होल्कर' झाले आहे. आपल्या घरातील मुले 'केला', 'काला', 'शाला' म्हणू लागली आहेत. हिंदी बोलताना ते योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठी बोलतानाही तसेच झाले, तर 'मूळ' आणि 'मूल', 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल', 'माळ' आणि 'माल' ह्यांतला भेद जातो. अर्थ गेला म्हणजे भाषाच गेली.

सुदैवाने आपल्या शेजारच्या माळवी बोलीत हा ध्वनी जिवंत आहे. खेड्यावरून येणारी दूधवाली मावशी 'काळो' आणि 'धोळो' स्वच्छ म्हणते. तिचे बोलणे गावंढळ म्हणून मुलाला हसू देऊ नका. ह्या बाबतीत ती आपली गुरू आहे. माझ्या स्वतःच्या घरी उर्दू आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. उर्दू लिपीत 'ळ'साठी अक्षर नाही, तरी आमच्या नानीच्या तोंडची 'पोळी' कधी 'पोली' झाली नाही. ती काही शाळेत शिकलेली नव्हती. तिने तो शब्द लहानपणी ऐकला होता. म्हणून मी म्हणते, अक्षराची पहिली शाळा म्हणजे कान.

ही काही माझी नवी कल्पना नव्हे. इटलीत डॉक्टर मारिया माँटेसरी ह्यांनी 1907 साली रोम शहराच्या गरीब वस्तीत बालगृह काढले. त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून मुलांच्या बोटांखाली दिली आणि अक्षराच्या नावाऐवजी त्याचा ध्वनी ऐकविला. आपल्याकडे गिजुभाई बधेका ह्यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे 1945 साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी काढली आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तेथून त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. विलायती साधने महाग, म्हणून त्यांनी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 1975 साली सरकारने बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले. आता 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून त्या वयात खेळातून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळते. क्रम असा ठेवावा : आधी कान, मग जीभ, मग हात, मग डोळा आणि सर्वांत शेवटी पेन्सिल.

पहिला खेळ टाळीचा. मुलांना गोल बसवावे. बाईंनी सावकाश शब्द बोलावेत : चेंडू, पोळी, चमचा, डोळा, पाणी, केळे. 'ळ' ऐकू आला की टाळी वाजवावयाची. अडीच वर्षांचे मूल दुसऱ्यांचे पाहून वाजविते, वाजवू द्यावे. काही दिवसांनी ते आपण होऊन वाजवू लागते. चार वर्षांच्या मुलांना पुढे जोड्या द्याव्यात. एका हातात फुलांची माळ, दुसऱ्या बाजूला मालाचे पोते. "माळ कोठे? माल कोठे?" असे विचारले की मुले धावत जाऊन हात लावतात.

दुसरा खेळ पिशवीचा. कापडी पिशवीत केळे, मोठ्या मण्यांची माळ, छोटा नारळ आणि त्यांच्याबरोबर वाटी, चमचा, चेंडू घालावा. मुलाने न पाहता हात घालून एक वस्तू ओळखावी आणि तिचे नाव सांगावे. नावात 'ळ' असला तर वस्तू रिंगणात, नसला तर बाहेर. लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात, म्हणून गोट्या, बिया, बारीक मणी ह्या वयात मुळीच देऊ नयेत.

जिभेविषयी एक सूचना. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. हे लहान जिभेला अवघड आहे. दोन-तीन वर्षांचे मूल 'ळ'च्या जागी 'ल' म्हणते, ते वयाला धरून आहे. त्याला टोकू नये, हसू नये, चारचौघांत दहा वेळा म्हणवून घेऊ नये. मूल म्हणाले, "आई, पोली दे," तर आईने एवढेच म्हणावे, "पोळी हवी? ही घे पोळी." योग्य शब्द दोनदा कानावर पडला आणि मुलाचा मानही राहिला.

तिसरा खेळ अंगणातला. जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने भला मोठा 'ळ' काढावा. वर आडवी रेघ, तिच्यातून खाली येणारा लहान दांडा आणि दोन्ही बाजूंना दोन गोल वेटोळी. मुलांनी एकामागे एक त्या रेघेवरून चालावे. कोणी त्याला चष्मा म्हणते, कोणी जिलेबी म्हणते, म्हणू द्यावे. आकार आधी पायात शिरतो. मग ते वळण बोटात उतरण्यास वेळ लागत नाही.

चौथा खेळ हाताचा. पुठ्ठ्यावर खळीने 'ळ' काढून तिच्यावर बारीक वाळू पसरावी. वाळल्यावर खरखरीत अक्षर तयार होते. मुलाने त्यावरून दोन बोटे फिरवावीत आणि बाईंनी त्याच वेळी तो ध्वनी म्हणावा. खर्च जवळजवळ काहीच नाही. ताटात वाळू पसरून तीत बोटाने गिरविणे ही तर आपली जुनी धूळपाटीच. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मकतबात लाकडी तख्ती आणि बोरूची लेखणी असे. घरी आई पोळ्या करीत असेल, तर कणकेची एक लांब दोरी मुलाला द्यावी. तिचा 'ळ' करून तव्यावर भाजला, तर ते अक्षर खाताही येते!

हे झाले की मगच अक्षराची चिठ्ठी. खोलीत चार-पाच ठिकाणी 'ळ' लिहिलेली पाने लपवावीत आणि मुलांनी शोधावीत. कोणताही खेळ दहा मिनिटांहून अधिक लांबवू नये. मूल उठून गेले तर जाऊ द्यावे. पहिला नंबर, बक्षीस, शिक्षा ह्यांतले काहीही नको.

आता आपल्या मनातली शंका. कित्येक माता मला म्हणतात, "बाई, शेजारचा मुलगा तीन वर्षांचा, पण वही भरून लिहितो. आमचा मात्र नुसता खेळतो." अशी वही भरणारी मुलेही माझ्या वर्गात आली आहेत. एक मुलगी पेन्सिल मुठीत धरून इतकी दाबत असे की कागद फाटे. पाटी दिसली की ती रडू लागे. अक्षरे तिला सारी येत होती, पण त्यांतले एकही तिला आवडत नव्हते. तीन वर्षांच्या बोटांची हाडे आणि स्नायू अजून घडत असतात. त्यांना माती, वाळू, कणीक हवी. लिहिणे सहा महिने उशिरा आले तर काही बिघडत नाही. अक्षराचा कंटाळा मात्र एकदा बसला की तो काढता काढता वर्षे जातात.

म्हणून विश्वस्त मंडळींना माझी नम्र विनंती अशी आहे. एक, आपल्या बालवाडीत प्रवेशाच्या वेळी मुलाला अक्षरे विचारू नयेत. दोन, चार वर्षांपर्यंत वही आणि गृहपाठ देऊ नये. तीन, महोत्सवाच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला काढून दारात वाळूचा हौद करावा आणि महिन्यातून एकदा मातांची बैठक घ्यावी. त्या बैठकीत आजीबाईंनाही अवश्य बोलवावे. जुने शब्द त्यांच्यापाशी आहेत आणि नातवंडांना सांगावयास त्यांच्यापाशी वेळही आहे.

इमारती बांधणारे दाते पुष्कळ मिळतात आणि त्यांचे नाव दगडावर कोरले जाते. मुलाच्या कानात आपल्या भाषेचा एक ध्वनी जपून ठेवणाऱ्या आईचे नाव कोठेही कोरले जात नाही. तरी तिचे दान लहान नाही. आपण उद्या सकाळी मुलाला उठविताना 'सकाळ झाली, बाळा' एवढे स्वच्छ म्हणा. त्या तीन शब्दांत 'ळ' दोनदा आला आहे आणि मुलाने तो ऐकलाही आहे.