मान शिकवावा कसा?

(पालकांच्या सभेतील भाषण)



आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आरंभी राज्यघटनेची उद्देशिका छापलेली असते, प्रतिज्ञाही असते. ही प्रतिज्ञा पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. वडीलधाऱ्यांचा व गुरुजनांचा मान ठेवण्याचे वचन तीत आहे. मुले रांगेत उभी राहून ती घडाघडा म्हणतात. गोष्ट चांगलीच आहे. परंतु आमचा साधा प्रश्न असा की, प्रतिज्ञा म्हणून मूल वर्गात जाऊन बसले म्हणजे त्याला स्वतःला मान मिळतो काय? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? ज्या मुलाला कधी मान मिळाला नाही, ते दुसऱ्यास काय देणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळपणी शाळेत बसावयास घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहान. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. नीतीचे धडे त्या काळच्या पुस्तकांतही होतेच. पण वर्गातील सर्व मुले खरा धडा शिकली ती त्या नळापाशी.

आमच्या थोरांनी हे ओळखले होते. जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बांधवांस खुला केला. आधी कृती, मग उपदेश! शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम त्यांनी काढला. नुसते अक्षर पुरत नाही, बैठकही एक हवी, हे त्यांनी जाणले.

आज कायदा आपल्या बाजूस आहे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. परंतु कायदा वर्गात येऊन बसत नाही. तो पाहावयास आपल्यालाच गेले पाहिजे.

पाहावयाचे काय? झाडलोट हजेरीच्या क्रमाने होते, की ठराविक घरच्या मुलांच्या व मुलींच्याच हाती केरसुणी येते? पोषण आहाराची पंगत एक बसते काय? गुरुजी मुलाला नावाने हाक मारतात, की बापाच्या धंद्यावरून? वर्गप्रमुख मुलांच्या मतांनी निवडला जातो काय, आणि त्या जागी कधी मुलगी येते काय? मत देणे, हरल्यावर रुसून न बसणे, दुसऱ्याचे म्हणणे संपेपर्यंत ऐकून घेणे, हेच नागरिकशास्त्र. ते सात वर्षांच्या मुलालाही कळते.

आणखी एक सूचना. गावचा कुंभार, सुतार, शेतकरी यांना महिन्यातून एकदा वर्गात बोलवावे. चाकावर माती उभी कशी राहते, पाभरीने पेर कशी पडते, हे त्यांनी मुलांना दाखवावे. गुरुजींनी त्यांस खुर्ची द्यावी. ज्या बापाला शाळेत खुर्ची मिळते, त्याच्या मुलाची मान आपोआप वर होते.

गुरुजींवर आमचा राग नाही. एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता सांभाळणारे कष्टाळू शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना साथ द्यावी. आणि घरी आपणच भांडणात जातीवरून शिवी हासडली, तर शाळेने दिवसभर केलेली पेरणी रात्री उपटली गेली असे समजावे.

सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे हाच कायदा सांगतो. म्हणून मायबहिणींनो, समितीच्या सभेला स्वतः जा. नुसता अंगठा किंवा सही करून परतू नका. वरचे प्रश्न एकेक करून विचारा, आणि उत्तर मिळाल्याखेरीज उठू नका. एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.