दोन ठिकाणी मोजलेली नदी



नदीवर बंधारा घातला, पाणी अडले, आता विहिरींना पाणी येणार, असे आपण सहज बोलून जातो. परंतु अडलेले पाणी आणि मुरलेले पाणी एकच नव्हे. अडलेले डोळ्यांना दिसते; मुरलेले मोजावे लागते. ते कसे मोजतात, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे, सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळूच्या पट्ट्यातून वाहतात. केळीच्या बागांसाठी वर्षानुवर्षे उपसा होऊन तिकडच्या विहिरींची पातळी खोल गेली आहे. या पट्ट्यात नदीचे पाणी भराभर जमिनीत उतरते. किती उतरते हे पाहायचे, तर पूर ओसरून प्रवाह स्थिर झाल्यावर पट्ट्याच्या वर आणि खाली, अशा दोन ठिकाणी, नदी मोजली पाहिजे.

मोजणी तशी साधी आहे. पात्रावर आडवी दोरी ताणून ठरावीक अंतरावर खोली घ्यावी आणि पाण्याचे छेदक्षेत्र काढावे. वेग प्रवाहमापकाने घ्यावा. तो नसेल, तर लाकडाचा तुकडा पाण्यावर सोडून, ठरलेले अंतर जायला त्याला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहावे. वरचे पाणी सरासरीहून वेगाने धावते, म्हणून या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणतात. क्षेत्र गुणिले वेग म्हणजे विसर्ग.

समजा, वर सेकंदाला १२०० लिटर भरले आणि खाली १०००. तूट २०० लिटर, म्हणजे दिवसाला १७,२८० घनमीटर. आनंद व्हावा असाच आकडा! परंतु प्रत्येक मोजणीत शेकडा ५ चूक धरली, तर वर ६० आणि खाली ५० लिटरांचा फरक पडू शकतो; खरी तूट ९० असेल किंवा ३१० ही. म्हणून एका मोजणीवर विसंबू नये. शिवाय मधल्या टप्प्यात पंपांनी उचललेले पाणी आणि वाफ होऊन गेलेले पाणी या तुटीतून वजा करावे, ओढ्यांनी आणलेले तीत मिळवावे. उरेल ते मुरलेले.

आणि मध्ये ओढा नसताना खालीच जास्त भरले तर? मग नदी जमिनीला पाणी देत नसून जमिनीकडूनच घेत आहे. आपल्या काळ्या खडकाच्या मुलुखात पावसाळ्यानंतर पुष्कळ नद्या अशाच चालतात. तिथे विहिरींचा उपसा वाढला, की नदी लवकर आटते.

बंधाऱ्याच्या दगडावर उद्घाटनाची तारीख कोरतात. तिच्याजवळ वर किती आले आणि खाली किती गेले, हे दोन आकडेही दरवर्षी लिहिले जावेत, एवढीच आमची विनंती आहे.