आयआर करायचंय, मग बीए कुठून करू?

बारावीचा निकाल जवळ आला की आपल्या धरमपेठेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. आर्ट्सच घ्यायचं आहे, पण नागपुरातच राहू की बाहेर जाऊ? ज्यांना आंतरराष्ट्रीय संबंध, म्हणजे आयआरमध्ये करिअर करायचंय, त्यांची तर जास्तच पंचाईत. इथल्या कॉलेजांच्या माहितीपत्रकात राज्यशास्त्र दिसतं, इतिहास दिसतो, अर्थशास्त्र दिसतं. 'इंटरनॅशनल' हा शब्द मात्र सहसा दिसत नाही. मग घरात चर्चा सुरू होते ती लाखांच्या फीची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पदवीच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे का, हे बघून कॉलेज निवडू नका. कॉलेजात तुमच्या हाताला काय लागणार, ते बघा. आणि घरचे सगळे पैसे पहिल्याच पदवीवर संपवू नका. या क्षेत्रात एमए जास्त मोजलं जातं.

का ते सांगते. आयआरमधून साधारण तीन वाटा निघतात.

पहिली, परराष्ट्र सेवा, म्हणजे आयएफएस. ती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळते. अट काय? मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. कुठलीही. परकीय भाषा आधी यायलाच हवी, असंही नाही. निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक भाषा शिकावीच लागते. जयशंकर यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची, राज्यशास्त्रात एमए त्यांनी नंतर केलं. परराष्ट्र सचिव झालेल्या निरुपमा राव 1973 च्या बॅचच्या. त्यांनी इंग्रजी साहित्यात एमए केलं ते औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठातून.

दुसरी वाट संशोधनाची. मुंबईतलं 'गेटवे हाउस' किंवा 'ओआरएफ'सारखे थिंक टँक, नाहीतर विद्यापीठात शिकवणं. इथे एमए लागतं, पुढे बहुतेकदा पीएचडी. आणि तुम्ही लिहिलेलं काय आहे, ते आधी बघतात.

तिसरी वाट संयुक्त राष्ट्रं, स्वयंसेवी संस्था, निर्यात कंपन्या, पत्रकारिता. संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच पदांना मास्टर्स मागतात, आणि इंग्रजीच्या जोडीला फ्रेंचसारखी भाषा असेल तर पारडं जड होतं.

तिन्ही वाटांवर एकच सामान लागतं बघा. एक विषय पक्का, एक जास्तीची भाषा, आणि स्वच्छ लिहिता येणं.

आता नागपूर. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनवर तर स्टेशनांची नावंच कॉलेजांवरून आहेत. धरमपेठ कॉलेज, पुढे एलएडी चौक. शहरात 1883 चं हिस्लॉप आहे, 1885 चं जुनं मॉरिस कॉलेज आहे, म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय संस्था. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर-मायनरची सोय आली आहे. राज्यशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र किंवा इतिहास मायनर, अशी जोडी मिळते का, ते कॉलेजात जाऊन विचारा. मिळाली तर आयआरचा पाया झाला.

नरसिंह राव वकिलीचं शिकले ते नागपुरात. पुढे परराष्ट्रमंत्री झाले, पंतप्रधान झाले. रामटेकमधून खासदार म्हणून निवडूनही आले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. भाषा येणं म्हणजे काय, ते इथे कळतं.

मग बाहेर जाण्यात काहीच अर्थ नाही का? आहे ना. दिल्लीत सेमिनार रोजचे, ग्रंथालयं मोठी, सोबतची मुलं देशभरातली. इंटर्नशिप जवळ असते. दिल्ली विद्यापीठात राज्यशास्त्र ऑनर्स मिळत असेल, तर जरूर जा. तिथली फी खासगी विद्यापीठांच्या मानाने फार कमी आहे, खर्च होतो तो राहण्या-खाण्याचा. फक्त एक लक्षात ठेवा. प्रवेश सीयूईटीतून होतो, आणि तिचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. निकाल बघून ठरवू म्हणाल, तर ते वर्ष गेलं.

सोनीपतचं जिंदल, पुण्याचं फ्लेम अशा खासगी विद्यापीठांत आयआरचे अभ्यासक्रम आहेत. शिक्षण चांगलं असू शकतं, पण फी वर्षाला काही लाख. स्कॉलरशिप मिळाली किंवा घरी झेपत असेल, तर हरकत नाही. पण शेत विकून किंवा मोठं कर्ज काढून जाणार असाल, तर थांबा. कारण पहिल्या नोकरीपासून हप्ता सुरू झाला, की यूपीएससीची तयारी किंवा पीएचडी, दोन्ही परवडत नाहीत. ज्या करिअरसाठी कर्ज काढलं, त्याचीच दारं ते कर्ज बंद करतं. त्यापेक्षा बीए इथे करा आणि एमएला जेएनयूचं लक्ष्य ठेवा. तिथल्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजची सुरुवात 1955 ची आहे, आणि एमएला सीयूईटी-पीजीतून जाता येतं.

कॉलेज कुठलंही असो, अ‍ॅडमिशनच्या आधी तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि चार गोष्टी विचारा. वर्ग खरंच होतात का? ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येतं का? सर किंवा मॅडम लिहिलेलं वाचून, खुणा करून परत देतात का? आणि कॉलेज सुटल्यावर भाषेचा क्लास जमेल एवढा वेळ उरतो का? चारपैकी तीन उत्तरं 'हो' आली, तर कॉलेज चांगलं. मग त्याचं नाव दिल्लीत कुणाला माहीत नसलं तरी चालेल.

आणि आयआरसाठी विषय शोधायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. काटोल-वरुडची संत्री बांगलादेशात जातात. त्या देशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि फटका इथल्या बागायतदाराला बसला. शुल्क का वाढलं, दिल्लीने काय करायला हवं होतं, ढाक्याची बाजू काय, यावर दोन पानं लिहून बघा. मराठीत लिहा, मग इंग्रजीत. लिहिताना मजा आली, तर हे क्षेत्र तुमचं आहे. कंटाळा आला, तर फी भरायच्या आधीच कळलं, हेही काही वाईट नाही.

हा एपिसोड घरी आई-बाबांनाही ऐकवा, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.