नदीतला मासा कोणाचा?
(धारणी भागातल्या गावबैठकीत केलेले भाषण)



जमिनीच्या दाव्यांवर आज लय बोलणं झालं. मी पाण्यावर बोलतो.

कोरकूत आपण माशाला काकू म्हणतो. सिपना, गडगा, खंडू, डोलार या नद्यांतली काकू कमी झाली, हे घरोघरच्या बाया सांगतात. आता बाजारातून रोहू-कटला विकत घ्या लागते.

मासा काहून कमी झाला? डोंगर उघडा पडला की माती वाहून येते अन् डोह बुजतात. उन्हाळ्यात मासा डोहातच जगतो. डोह गेला की बियाणंच गेलं. मोटारी लागल्या की पाणी लवकर आटते. पहिल्या पावसात अंड्यावरचा मासा धारेच्या उलट चढतो, तिथं बंधारा आडवा येतो. वरून आपलेच काही पोट्टे ब्लीचिंग टाकतात, तोटे फोडतात. 1897 च्या कायद्यापासून हा गुन्हा आहे. अन् त्याच पाण्यावर आपली ढोरं येतात.

मग साहेब लोक म्हणतात, आदिवासीनंच नदी संपवली, त्याले नदीवर येऊ देऊ नका. हे मान्य नाही. डोह गळ टाकणाऱ्या बाईनं बुजवले नाहीत. अकोट-तेल्हाऱ्याकडे पुनर्वसनात गेलेल्या आपल्या माणसांना विचारा, पैशात नदी भेटते काय?

2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. कलम 5 प्रमाणे पाणलोट अन् पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. पायविहीर गावानं 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळवला अन् उघडं रान राखून दाखवलं. रान राखता येते, तर डोह काहून नाही?

म्हणून तीन कामं करा.

एक, सामूहिक दाव्याच्या अर्जात मासे अन् पाणवठ्याचा रकाना कोरा ठेवू नका. डोहांची, माशांची नावं म्हाताऱ्यांना विचारून लिहा. त्यांचा लेखी जबाब कायद्यानं पुरावा आहे.

दोन, प्रत्येक गावानं एक डोह राखीव ठेवावा. मासा चढतो तेव्हा तिथं कोणाचंच जाळं नको.

तीन, विष अन् तोट्यांवर ग्रामसभेत ठराव घ्या. दंड आपणच ठरवू, मग तो सरपंचाचा पोरगा का असेना.

आपण राखलं, तरच आपल्याले हक्कानं मागता येईल.

जंगल आमचं, पाणी बी आमचं! जय आदिवासी!