कवडी आणि चिनी माती



देवीच्या भक्तांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यातल्या एखाद्या कवडीच्या पाठीवरून बोट फिरवून पाहा. गुळगुळीत, तकतकीत, पांढऱ्यात किंचित पिवळट झाक. या कवडीला इटालियन भाषेत ‘पोर्चेल्लाना’ म्हणत, आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठीचा पोर्सेलीन हा शब्द तिच्यावरून आला.

आणखी मागे गेलं तर ‘पोर्चेल्ला’ हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ डुकराचं मादी पिल्लू. कवडीची फुगीर पाठ पाहून हे नाव दिलं असावं, असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांचा रोख तिच्या पोटाकडच्या उभ्या फटीवर आहे. मादीच्या अंगाशी तिचं साम्य लोकांना दिसलं असावं.

मार्को पोलोने 1298च्या सुमारास जेनोवाच्या कैदेत आपल्या प्रवासाची हकीकत सांगितली. त्या पुस्तकात ‘पोर्चेल्लाना’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी येतो. युन्नान प्रांतात पैसा म्हणून चालणाऱ्या कवड्यांसाठी, आणि चीनमधल्या सुंदर वाडग्यांसाठीही. वाडग्यांवरची चमक कवडीसारखी, म्हणून नाव कवडीचं. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो त्या वस्तूचं नाव युरोपातल्या राजेरजवाड्यांनी जिवापाड जपलेल्या भांड्यांना मिळालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण नाव नुसतं चिकटून राहत नाही, ते विचारालाही वळण लावतं. हे वाडगे खाणीतल्या मातीचे असतात, ती माती 30-40 वर्षं ऊनपावसात ढीग करून ठेवतात, असं मार्को पोलोच्या पुस्तकात स्पष्ट आहे. तरीही युरोपात समज रुजला तो शिंपल्यांचा. पोर्तुगीज अंमलदार दुआर्ते बार्बोझा मलबारात कन्नूरला राहिलेला माणूस. 1516च्या सुमारास तो लिहितो की, शिंपले आणि अंड्यांची टरफलं कुटून, त्यात अंड्यांचा पांढरा बलक घालून चिनी लोक लगदा करतात, आणि तो 80 ते 100 वर्षं जमिनीत पुरून ठेवतात. बाप हा लगदा मुलांसाठी इस्टेट म्हणून मागे ठेवतो, असंही त्याने ऐकलं होतं.

हा समज खोडला तो गोव्यात आलेल्या एका धर्मोपदेशकाने. गास्पार द क्रूझ 1548मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे 1556मध्ये चीनच्या कँटन शहरी पोहोचला. त्याने सांगितलं ते असं: मऊसर पांढरा दगड कुटून दळतात, पाण्याच्या टाक्यांत ढवळतात; वर तरंगणाऱ्या सायीची भांडी सगळ्यांत नाजूक होतात, आणि तळाच्या गाळाची जाडीभरडी. जे तिथे कधी गेले नाहीत तेच शिंपल्यांच्या गोष्टी सांगतात, असं त्याने बजावलं. मला हा माणूस आवडतो. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून खरं काय ते जाणून घेतलं, मग लिहिलं.

मराठीने तर सरळ ‘चिनी माती’ म्हटलं. देश सांगितला, द्रव्य सांगितलं. आता आपली लोणच्याची बरणी खरं म्हणजे जाड दगडी भांड्यांच्या जातीची, पोर्सेलीनची नव्हे. पण नाव तिलाही तेच.

पोर्सेलीनची खरी कृती युरोपला सविस्तर कळली ती दान्त्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्यामुळे. चिंगदचन या कुंभारांच्या नगरात राहून, तिथल्या ख्रिस्ती झालेल्या कारागिरांना विचारून त्याने 1712मध्ये लांबलचक पत्र लिहिलं. पोर्सेलीनला दोन द्रव्यं लागतात. एक दगडाची पूड, ती भट्टीत वितळून काचेसारखी होते. दुसरी पांढरी माती, ती सुमारे 1300 अंशांच्या आचेतही आकार सोडत नाही. कारागिरांच्या बोलण्यात पहिलं द्रव्य म्हणजे मांस आणि दुसरं म्हणजे हाडं. ही हाडांची माती जवळच्या काओलिंग नावाच्या टेकडीत सापडे. काओलिंग म्हणजे डोंगराची उंच धार. आज केरळातल्या खाणीत असो की इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, ही माती जगभर काओलिन याच नावाने ओळखली जाते.