उच्च शिक्षणातील ‘मेघ’ आणि गावचा विद्यार्थी



१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाईड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने त्यामुळे दूरच्या गावीही पोहोचू लागली. मात्र ठरलेली वेळ चुकली की पाठ हुकत असे. ‘क्लाऊड’वर आधारलेल्या शिक्षणव्यवस्थेने ही अडचण दूर केली आहे.

क्लाऊड म्हणजे आकाशातील मेघ नव्हे. दूरच्या संगणक-केंद्रांत साठविलेली आणि आंतरजालाद्वारे हवी तेव्हा मागविता येणारी माहिती, असा त्याचा अर्थ. शेतकऱ्याने स्वतःचे कोठार न बांधता धान्य वखारीत ठेवावे व व्यापलेल्या जागेपुरतेच भाडे द्यावे, तसाच हा व्यवहार आहे. मोठी यंत्रे व त्यांची देखभाल यांचा भार लहान महाविद्यालयावर पडत नाही.

केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकानिरसनासाठी चर्चा ही त्याची चार अंगे होत. अभ्यासक्रम विनामूल्य असून प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने ‘दिश्टावो’ उपक्रमाद्वारे येथील प्राध्यापकांचीच व्याख्याने पदवीच्या विद्यार्थ्यांस उपलब्ध करून दिली आहेत.

तथापि, वखार भरलेली असली तरी तेथवर रस्ता हवा. २०२० च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातील काही गावांच्या मुलांना मोबाईलच्या लहरी मिळविण्यासाठी डोंगर चढावा लागला. अशा मुलाची गैरहजेरी आळसाची नसते. पण हजेरीपटाला तो भेद कळत नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, जेथे परवानगी असेल तेथे व्याख्याने एकदा उतरवून महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर ठेवावीत. म्हणजे घरी लहरी नसलेल्या मुलाचे अडणार नाही. ‘स्वयम् प्रभा’च्या वाहिन्या तर तबकडीच्या साहाय्याने आंतरजालाविनाही दिसतात. ग्रामपंचायतीने वाचनालयात दूरचित्रवाणीची सोय केली, तरी पुष्कळ साधेल. दुसरी, एखाद्या कंपनीशी करार करताना विद्यार्थ्यांची माहिती कोठे राहणार, ती कोण पाहणार आणि करार संपल्यावर ती परत कशी मिळणार, हे आधीच लेखी ठरवावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला आहे, याचे भान अधिकाऱ्यांनी ठेवावे. तिसरी, शिक्षकांस पुरेसे प्रशिक्षण मिळावे. ध्वनिचित्रित व्याख्यान शंभरदा ऐकता येते. परंतु समोरच्या विद्यार्थ्याला ते उमगले की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणारा शिक्षकच असतो.

मेघ किती दाटले यापेक्षा शिवारात पाणी किती मुरले, याचाच हिशेब शेतकरी मांडतो. या नव्या मेघाचेही मोल डोंगरापलीकडील शेवटच्या विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले, यावरूनच ठरेल.