मातीवाचून मळा आणि नळाचे सामान

शहरातील एखादा गृहस्थ गच्चीवर मातीवाचून पालक-पुदिना पिकविण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याची पहिली गाठ शेतकऱ्याशी न पडता नळाचे सामान विकणाऱ्या दुकानदाराशी पडते. आणि पुष्कळदा त्याचा उत्साह तेथेच मावळतो. तयार संच परवडत नाही म्हणून तो घरीच जुळणी करावयास निघालेला असतो. परंतु न बसणारे एल्बो, सैल टोपणे आणि वाळून गेलेले सोल्युशनचे डबे यांतच त्या संचाची किंमत संपून जाते. हौस गरिबाची आणि खर्च श्रीमंताचा, अशी ही स्थिती होते.

हा खर्च टाळावयाचा तर नळीने करावयाचे काम आधी ओळखले पाहिजे. रोपे ज्या आडव्या नळीत बसतात, तिच्यातून पाणी केवळ उताराने वाहते. दाब जवळजवळ नसतोच. पी.व्ही.सी. नळ्यांचे वर्ग मात्र दाबावरूनच ठरतात. विहिरीच्या पंपासाठी केलेली जाड, भारी नळी येथे घेणे म्हणजे फुलांच्या परडीसाठी बैलगाडी जुंपणे होय. सर्वांत हलक्या वर्गाची नळी या कामास पुरते. ७५ मिलिमीटर व्यासाची, ६ मीटर लांबीची एक नळी घेतली की तिचे दीड मीटरचे चार तुकडे होतात आणि वीतभरही वाया जात नाही. वीस-वीस सेंटिमीटरवर भोके पाडली तर प्रत्येक तुकड्यात सात, म्हणजे एकूण अठ्ठावीस रोपे बसतात. आधी कागदावर आकृती, मग दुकान, हा क्रम पाळणाऱ्याचे पैसे वाचतात.

दुसरा धोका मापांचा. दुकानात ‘अर्ध्या इंचाची’ म्हणून मिळणारी एक नळी बाहेरून सुमारे २१ मिलिमीटर असते, तर गरम पाण्याची सी.पी.व्ही.सी. नळी त्याच नावाने सुमारे १६ मिलिमीटरच भरते. शेतीची मिलिमीटरच्या मापाची नळी २० मिलिमीटरची असते. तिघींचे जोड एकमेकींस बसत नाहीत. म्हणून एकच मापपद्धती धरावी आणि दुकानात जाताना नळीचा तुकडा बरोबर न्यावा. पाणी चढविणाऱ्या बारीक नळ्यांसाठी तर ठिबक सिंचनाच्या दुकानाची वाट धरणे अधिक शहाणपणाचे. तेथील १६ मिलिमीटरची लवचीक नळी, तिचे जोड आणि रबरी ग्रोमेट स्वस्त असतात आणि त्यांस सोल्युशनही लागत नाही.

काटकसरीस मात्र एक मर्यादा आहे. पितळी कॉक किंवा जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी भंगारात स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. खतांचे पाणी किंचित आम्ल असते. त्यात तांबे व जस्त उतरते आणि मुळांस बाधते. तसेच जुन्या, शिक्का नसलेल्या पी.व्ही.सी. नळ्यांत शिशाची संयुगे असू शकतात. ती काढून टाकण्यासाठी केंद्र सरकारला २०२१ साली नियम करावे लागले. ज्या भाजीचा घास मुलांच्या मुखी जावयाचा, तिच्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांचे भारतीय मानक ४९८५ छापलेली नळीच घ्यावी.

पंपाची निवडही अशीच डोळसपणे करावी. खोक्यावर छापलेली कमाल उंची म्हणजे पाणी जेथे पोहोचते पण वाहत नाही, ती उंची. चार नळ्यांस प्रत्येकी मिनिटास एक लिटर, म्हणजे तासास २४० लिटर पाणी प्रत्यक्ष चढाच्या उंचीवर मिळाले पाहिजे. हे काम कूलरचा छोटा पंपही बहुधा करतो. परंतु वैशाखात वीज गेली तर काय? पाण्याचा पातळ थर तासा-दोन तासांत सुकतो आणि महिन्याची मेहनत मान टाकते. त्यावरचा उपाय फुकटचा आहे. नळी सपाट ठेवावी आणि टोकाच्या टोपणातील निचऱ्याचे भोक तळापासून दोन सेंटिमीटर वर पाडावे. तेवढे पाणी आत साठून राहते आणि रोपांस धीर देते.

या विद्येस ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ साली प्रचारात आणले. परंतु सामान्य माणसाच्या खिशाचा विचार करणारी तिची एक शाखा भारतातच, बंगालमधील कालिंपाँग येथे वाढली. जे. शोल्टो डग्लस यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘बंगाल पद्धती’ मांडली. तीत खडीने भरलेला वाफा, वर भुरभुरलेली खते आणि हाताने घातलेले पाणी, एवढ्यावर भागते; पंपाची गरज उरत नाही.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हा भाग रोपास हवा आहे की आपल्या हौसेस? रोपास हवे असते पाणी, हवा, क्षार आणि उजेड. जो भाग यांपैकी काही पोहोचवितो, तो चांगला घ्यावा. जो नुसताच शोभतो, तो दुकानातच राहू द्यावा. सर्वांत स्वस्त जोड तोच, ज्याची गरजच पडली नाही.